लेकीच्या घरची डाळ

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

लातूर, २४ नोव्हेंबर १९८२

ती. शिवगंगाताईंना शिवकांताचा शरणार्थ.

तुमच्या सासूबाईंच्या आजारपणामुळे तुम्हाला दिवाळीला येता आलं नाही, त्यामुळे इकडच्या बऱ्याच गोष्टी तुमच्या कानावर आल्या नसतील. तुमच्या भावाला नव्या कलेक्टर कचेरीत नोकरी लागली. हे सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जातात आणि दुकानात अप्पा एकटे पडतात. म्हणून दसऱ्यापासून मी दुकानात बसते. अप्पांनीच बसायला सांगितलं. आधी नुसत्या पुड्या बांधायचे, आता तराजूही धरते. गल्ल्याची किल्लीही माझ्याकडे दिली आहे.

पाऊस नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. खेड्यातलं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं आहे. त्यात गोलाईच्या बाजारात बातमी आहे की तुमच्या नांदेडचं गोदातीर ग्राहक भांडार आणि आमच्या उदगीरकडचा बालाघाट बझार, दोघंही इथे शाखा काढणार. जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, पगारदार माणसं आली, मग दुकानं येणारच, असं हे म्हणतात. गोदातीरवाल्यांनी आपल्या दुकानासमोरची जागा बघितली आहे. अप्पा वरून काही बोलत नाहीत, पण परवा म्हणाले, "चाळीस वर्सं झाली, आता दुकान राहतंय का जातंय बघू."

बालाघाट बझार मी माहेरी पाहिला आहे. तिथे माल सुटाच असतो, पोती उघडी असतात, फक्त वजन करायला चार माणसं पांढऱ्या टोप्या घालून उभी. नोकरदारांना कार्डावर माल देतात आणि पगारातून कापतात. गोदातीर मात्र मी पाहिलेलं नाही. तुम्ही तिथून सामान आणता, असं ऐकलं. ते कसं चालतं, काय स्वस्त, काय महाग, लोक का जातात, सगळं सविस्तर लिहाल का? दुकान टिकवायचं तर समोरच्याचं आधी कळलं पाहिजे. मला तुमच्याइतकी समज नाही.

तुमची,
शिवकांता

*

नांदेड, ५ डिसेंबर १९८२

चि. सौ. शिवकांतास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. गल्ल्याची किल्ली तुझ्याकडे आहे हे वाचून आनंद झाला. आनंद झाला असं मी लिहिलं आहे, आणि लिहिलेलं खोटं असू नये म्हणून दोन दिवस थांबून हे पत्र लिहिते आहे.

तुला कदाचित कोणी सांगितलं नसेल, माझी पहिली शाळा म्हणजे ते दुकान. पुड्या बांधायला रद्दी यायची, तिच्यावरची अक्षरं अप्पांनी मला शिकवली. पावशेर, अच्छेर, शेर अशी मापं मांडून बेरीज शिकवली. सरकारी शाळेत मला एकदम चौथीत घेतलं, कारण मास्तरांना तिसरीत शिकवायला काही उरलं नव्हतं. मग मला तेरावं लागलं आणि एका सकाळी अप्पा म्हणाले, "गंगा, आता आत बस. चार लोक येतात-जातात." मी आत बसले. तू सून असून बाहेर बसतेस. काळ बदलला म्हणायचं. गादीवर बसताना पाय पसरू नकोस, आणि बोहनीच्या आधी कोणाला उधार देऊ नकोस.

आता भांडाराचं. जे पाहिलं तेच लिहिते.

दारात शिरताना आपली पिशवी ठेवून घेतात आणि तारेची टोपली देतात. आत मांडण्यांच्या रांगा आहेत. माल आपण उचलायचा, कोणी विचारत नाही. डाळ, साखर, रवा, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बंद, वर किंमत चिकटवलेली. साबण, निरमा, डालडा, चहा बाजारापेक्षा थोडा स्वस्त. साखर ठरावीक तारखेलाच. डाळ मात्र वजिराबादच्या दुकानांपेक्षा महाग आहे आणि ती जुनी की नवी ते पिशवीवर लिहिलेलं नसतं. तरी बायका जातात. का जातात याचा मी विचार केला. तिथे नवऱ्याच्या पगारात बसेल तेवढंच घेतलं तरी कोणी "एवढंच का?" म्हणत नाही. आणि एखादी वस्तू हातात घेऊन परत ठेवली तर कोणी तोंड वाकडं करत नाही.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हाची गंमत सांगते. त्यांनी तुरीच्या डाळीची पिशवी उचलली, दातांनी कोपरा फाडला आणि चार दाणे तोंडात टाकले. तिथला माणूस धावत आला. "मावशी, काय करून राहिल्या?" सासूबाई म्हणाल्या, "वानगी बघून राहिले. न चावता डाळ घेतात का कुठं?" तो म्हणाला, "आता ही तुमचीच झाली." त्या म्हणाल्या, "का म्हणून? कडक हाय ही. दुसरी फोड." शेवटी मला ती पिशवी घ्यावी लागली. खरंच कडक होती, तीन शिट्ट्यांना शिजली नाही.

एवढं पुरे. अप्पांच्या हातचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. त्यांना म्हणावं, सून आली म्हणून लेक मेली नाही.

तुझी नणंद,
शिवगंगा

*

लातूर, २० जानेवारी १९८३

ती. ताईंना शरणार्थ.

उत्तराला उशीर झाला. पाण्याचा टँकर दुपारी येतो, त्या रांगेत दिवस जातो.

तुमचं पत्र मी अप्पांना पूर्ण वाचून दाखवलं. सासूबाईंचं ऐकून ते इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, "गंगाची नजर बघ कशी हाय."

तुमच्या पत्रावरून मी दुकानात चार गोष्टी केल्या. रोजच्या वस्तूंच्या पाव किलो, अर्धा किलोच्या पुड्या आधीच बांधून रांगेने ठेवल्या, वर किंमत लिहिली. बायकांना ताटकळावं लागत नाही. पोती मात्र उघडीच ठेवली. पाटीवर लिहिलं, "चावून बघा, मग घ्या." हे गोदातीरमध्ये चालायचं नाही! कोणी वस्तू परत ठेवली तर मी हसून ठेवून घेते. गिऱ्हाईक वाढलं आहे, ताई. कचेरीच्या क्वार्टरांतल्या बायकाही येतात. काही जणी आता "सूनबाईचं दुकान" म्हणतात, मला फार लाज वाटते.

बालाघाट बझार मकरसंक्रांतीला उघडला. यांना कचेरीतून कार्ड मिळालं आणि पहिल्याच दिवशी हे तिथून डालड्याचा डबा घेऊन घरी आले. अप्पा डब्याकडे तोंड करून म्हणाले, "सिद्धलिंगा, उद्या बाप बी तिथूनच आण. पगारातून कापतील." डबा अजून फोडलेला नाही.

एक चूक माझ्या हातून झाली तीही सांगते. नव्या तुरीची डाळ आली. यंदा दाणा बारीक आणि माल थोडाच. ती जुन्या डाळीच्या पेटीत ओतली गेली. वेगळी करणं शक्य नव्हतं. दुपारी अप्पा घरी विश्रांतीला जातात तेव्हा मी "मिसळलेली डाळ" अशी पाटी लावली आणि कमी दराने संपवली. पुन्हा असं होणार नाही.

गोदातीरचा रंग समोर लागतो आहे. पुढच्या महिन्यात उघडेल. आणखी काही सुचलं तर कळवा.

तुमची,
शिवकांता

*

नांदेड, २७ जानेवारी १९८३

तीर्थरूप अप्पांस शिवगंगाचा शरणार्थ.

हे पत्र मुद्दाम तुमच्या एकट्याच्या नावाने पाठवते आहे. दुसऱ्या कोणाला दाखवू नका.

चहाडी करण्याचा माझा स्वभाव नाही, हे तुम्ही जाणता. पण समजूनही गप्प बसले तर दुकानाचं पाप मला लागेल असं वाटतं. शिवकांताने नवी डाळ जुन्या डाळीत ओतली आणि तुमच्या पाठीमागे दुपारी विकून टाकली. हे तिनेच मला लिहिलं आहे, जणू किरकोळ गोष्ट असावी. तुम्ही मला सात वर्षांची असताना सांगितलं होतं, जुनं आणि नवं एका पेटीत नाही. नवी डाळ विरघळते आणि जुनी दाताखाली येते, आणि घरातली सून शिव्या खाते. हे मला अजून पाठ आहे. तिला तुम्ही सांगितलं नाहीत का? की सांगितलं आणि तिने ऐकलं नाही?

लोक आता आपल्या दुकानाला तिच्या नावाने ओळखतात. पुड्या, पाट्या, सगळ्याची वाहवा तिची होते. ते सगळं मी इथून लिहिलं होतं. ते जाऊ द्या. पण गल्ल्याची किल्ली देताना माणसाचा हात किती काळजीचा आहे हे बघायला हवं. आपलं नाव चाळीस वर्षांचं आहे. भांडार ते घेण्याआधी घरच्याच माणसाने घालवू नये.

माझं चुकत असेल तर रागवा. पण तुमच्या हाताने दोन ओळी तरी लिहा.

तुमची,
गंगा

*

लातूर, ४ फेब्रुवारी १९८३

ती. ताईंना शरणार्थ.

तुमचं अप्पांच्या नावाचं पत्र सोमवारी दुकानात आलं. अप्पांनी पाकीट हातात फिरवलं आणि माझ्याकडे दिलं. "गंगाचं दिसतंय. वाच."

ताई, अप्पांना वाचता येत नाही. गणपतीपासून डोळ्यांवर मोतीबिंदू वाढला आहे. समोरचं माणूस ते आवाजावरून ओळखतात. तुम्हाला कळवायचं नाही, असं त्यांनी आम्हा दोघांना बजावलं होतं. "लेक तिकडं रडत बसंन," म्हणाले. म्हणून तर मी दुकानात बसते.

मी पहिली ओळ वाचली, "दुसऱ्या कोणाला दाखवू नका." थांबले. म्हटलं, "अप्पा, हे तुम्हालाच आहे, यांना संध्याकाळी वाचायला सांगते." ते म्हणाले, "तू दुसरी हायस का? वाच." समोर माणिकप्पा आडत्या बसला होता, गुळाचा भाव सांगायला आलेला. मी सगळं वाचलं. शेवटपर्यंत.

अप्पांनी हात पुढे करून पत्र मागून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. मग विचारलं, "कंच्या दिवशी मिसळली डाळ?" मी म्हटलं, आठवत नाही. ते म्हणाले, "मला आठवतंय. हमाल गेला व्हता, तू पाण्याला गेली व्हतीस. ते पोतं मी ओतलं. रिकामी पेटी हाय म्हणून ओतलं."

माणिकप्पाने सावरायचं म्हणून म्हटलं, "हुतंय मलप्पा, वय झालं." अप्पा म्हणाले, "वयाला कशाला नाव ठेवतोस. डोळ्यानं दगा दिला आन् सुनेनं झाकलं. लेकीनं उघडं केलं." आणि गादीवरून उठून पायरीवर जाऊन बसले. त्या दिवसापासून ते गादीवर बसत नाहीत. भिंतीला टेकून बाकावर बसतात.

तुम्हाला दोष देत नाही. मीच तुम्हाला "माझ्या हातून" असं लिहिलं होतं. तुमच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं, कदाचित.

शिवकांता

*

नांदेड, १२ फेब्रुवारी १९८३

शिवकांता,

चार वेळा लिहिलं आणि फाडलं. काय लिहिलं तरी ते मला सोपं करून घेतल्यासारखं दिसतं.

डोळ्यांचं मला का कळवलं नाहीत? मी परकी झाले का? आणि तू वाचताना त्या ओळी गाळल्या का नाहीस? गाळल्या असत्यास तर अप्पा आज गादीवर असते. मी तुझ्याविषयी एवढं लिहिलं आणि तू ते स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवलंस. मला तुझा याचाही राग येतो. माझ्याने ते झालं नसतं, म्हणून येतो.

नांदेडला डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत. ह्यांनी चौकशी केली आहे. ऊन वाढण्याआधी ऑपरेशन करून घ्यावं म्हणतात. अप्पांना इकडे पाठव. हे स्वतः न्यायला येतील. निदान एवढं तरी माझ्याकडे येऊ दे.

शिवगंगा

*

लातूर, २० फेब्रुवारी १९८३

ती. ताईंना शरणार्थ.

अप्पा यायला तयार आहेत. दाजींना रविवारी पाठवा.

ओळी गाळण्याचं विचारलंत. मी जरा अडखळले तरी अप्पा विचारतात, "काय गाळलंस?" त्यांच्यासमोर गाळता येत नाही. आणि गाळलं असतं तर त्यांनी पुढच्या वेळी माझ्याकडून पत्र वाचून घेतलं नसतं.

एक सांगायला जड जातं. अप्पा शिधा बरोबर आणणार आहेत. डाळ, तांदूळ, ज्वारीचं पीठ, गूळ, तेल, मीठसुद्धा. मी म्हटलं, "अप्पा, ताईंना वाईट वाटेल, त्यांच्या घरी काय कमी आहे?" ते म्हणाले, "लेकीला लेकरू होईस्तवर बापानं तिच्या घरचं खाऊ नाही. माझ्या बापानं न्हाई खाल्लं, मी बी न्हाई खानार. फकस्त चूल तिची." हेही समजावून थकले. मग मीच सगळ्याच्या पुड्या बांधल्या आणि वर नावं लिहिली, म्हणजे तुम्हाला शोधावं लागणार नाही. कमी पडलं तर एसटीने पाठवीन.

गोदातीर आठवड्यापूर्वी उघडलं. पहिले तीन दिवस आपल्याकडे कोणी फिरकलं नाही. चौथ्या दिवसापासून साबण तिकडून आणि डाळ-ज्वारी आपल्याकडून, असं सुरू झालं आहे. काही जणी तिथल्या पिशव्या घेऊनच आपल्या दारात येतात. हे दुकान टिकेल असं आता वाटतं. पण गादी रिकामी आहे. मी गल्ल्याजवळ बसते, गादीवर नाही.

तुमची,
शिवकांता

*

नांदेड, ११ मार्च १९८३

चि. सौ. शिवकांतास,

अप्पांचं ऑपरेशन नीट झालं. एका डोळ्यावर पट्टी आहे. ती निघाल्यावर जाड भिंगाचा चष्मा लागेल, पण वाचता येईल असं डॉक्टर म्हणाले. दुसरा डोळा पुढच्या हिवाळ्यात.

आता बाकीचं लिहिते. तुझ्यापासून काही झाकून ठेवलं तर मला झोप लागायची नाही.

तुझ्या पुड्या मी पहिल्या दिवशी एकेक उघडून ताटात पसरल्या. खडा शोधला. डाळीत, तांदळात, गुळाच्या ढेपेतसुद्धा. एकही सापडला नाही. मला सापडायला हवा होता. रोज सकाळ-संध्याकाळ मी तुझ्या अक्षरातली पुडी सोडायची, तुझी डाळ शिजवायची, आणि अप्पा बोटं चाटत म्हणायचे, "शिवकांताचा हात चोख हाय." स्वयंपाक मी केलेला. सासूबाई तर ऐकायलाच बसलेल्या. शेजारच्या नीलाबाईला म्हणाल्या, "बाप आला लेकीकडं, आन् खातो सुनेचं!" मी हसले. आत जाऊन पातेलं आपटलं.

गेल्या गुरुवारी डाळ संपत आली. तुला तार करून मागवता आली असती. मी केली नाही. भांडारात गेले, तारेची टोपली घेतली, सगळ्यांत चांगली दिसणारी डाळ निवडली आणि घरी येऊन तुझ्या रिकाम्या पुडीच्या कागदात ओतली. दोरासुद्धा तुझ्यासारखा बांधला. अप्पांच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू, कागद तर त्यांना दिसणारच नव्हता. मग मी हे कोणासाठी केलं, ते माझं मलाच कळलं नाही.

संध्याकाळी वाढलं. अप्पांनी भाकरी बुडवली, एक घास घेतला आणि थांबले.

"गंगा, ही आपली न्हाई."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "अहो मलप्पा, मुकाट्यानं जेवा, पुडी सुनेचीच हाय. मी डोळ्यानं बघून राहिले."

"इहीनबाई, तुमी डोळ्यानं बघून राहिल्या, मी दातानं." मग माझ्याकडे तोंड करून विचारलं, "भांडाराची हाय?"

"हाव."

"कोनी आणली?"

"मी."

घास त्यांच्या हातात होता. मला वाटलं, आता ताट सरकवतील. तेवढ्यात रडू यायला नको म्हणून मी मोरीकडे बघत बसले. हेही जेवायचे थांबले होते.

अप्पांनी घास तोंडात घातला. चावून गिळला. म्हणाले, "वाढ अजून."

मी म्हटलं, "अप्पा, रीत... मला अजून लेकरू न्हाई."

"म्हाईत हाय मला. वाढ." आणि वरण घेतल्यावर म्हणाले, "जरा कच्ची राहिली ग. जुनी डाळ हाय, आधी भिजत घालायची असती. एवढं बी इसरलीस?"

दोन भाकरी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा माझ्या घरच्या साखरेचा घेतला.

मी नंतर विचारलं, रीत का मोडली. म्हणाले, "पोरीनं लबाडी करून खायला घातलं. म्हणजे किती दिवस पोटात ठेवलं असंल." मी हळूच दुकानाचं काढलं. म्हटलं, तुम्ही मला तेव्हा आत बसवलं नसतं तर आज मीच असते. ते म्हणाले, "तू असतीस तर रोज भांडनं झाली असती आपली. मला ती सोसली असती." मग तुझ्यासाठी निरोप सांगितला, तो जसाच्या तसा देते: "शिवकांताला लिव्ह, गादी झाडून तिच्यावर बस. मी आलो की बाकावर बसंन, पर दाताचं काम माझ्याकडं राहील. पोतं फोडायच्या आधी चार दाणे माझ्या हातावर."

तेव्हा तू गादीवर बस. हे मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे, आणि लिहिताना मला बरं वाटत नाही. तू ऐकून घेणारी आहेस म्हणून सांगते: तुझा हेवा मला तुझं पहिलं पत्र आल्यापासून वाटतो आहे, आणि तो जाईल असं काही दिसत नाही. दुकान तुझं झालं. लोक तुझं नाव घेतील. अप्पांची पत्रंही, डोळा बरा झाला तरी, सवयीने तूच वाचशील.

पण ते माझ्या घरी जेवले. तुझ्या घरी जेवणं हा त्यांचा हक्कच आहे, त्यात नवल नाही. माझ्या घरी त्यांना जेवायचं नव्हतं आणि ते जेवले. हे एवढं पानभर लिहिलं ते मुद्दाम. तुलाही माझा थोडा हेवा वाटू दे.

अप्पा अजून पंधरा दिवस राहतील. डाळ पाठवू नकोस.

तुझी,
शिवगंगा